धवल्याआधीची शांतता

वसईजवळच्या जूचंद्रमधल्या आमच्या घरात टीव्हीवर जाहिरात लागली की आवाज बंद करायची पद्धत होती. माझं पोट त्याच जाहिरातींवर चालतं हे वडिलांच्या गळी उतरायला बराच काळ गेला. मी अंधेरीतल्या एका जाहिरातपट कंपनीत सहायक होते. कलाकाराच्या शर्टाची बाही आधीच्या टेकला किती दुमडलेली होती, कपात चहा कुठपर्यंत होता, हे लक्षात ठेवायचं माझं काम. दिग्दर्शकाच्या खुर्चीमागे उभं राहून मी कित्येक जाहिराती बनताना पाहिल्या. त्या खुर्चीत बसणारे बहुतेक जण एकाच वळणाच्या शाळांतून आलेले, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारे. त्यांच्यात मी ‘ण’ सांभाळून बोलायचे. तरी घाईत कधी ‘पानी’ निघून जायचं. मग कोणीतरी हसायचं. वाईट हेतूने नाही, पण हसायचं.

मग जाहिरातपट करणाऱ्यांच्या एका संस्थेने नव्या दिग्दर्शकांसाठी योजना काढली. ज्यांच्याकडे आजवर कोणी पाहिलंच नाही अशांना शोधायचं, एकेक मिनिटाची फिल्म करायला द्यायची आणि धंद्यातल्या मोठ्या लोकांसमोर ती दाखवायची. पहिल्या येणाऱ्याला एक नावाजलेली कंपनी दिग्दर्शक म्हणून घेणार होती. मी अर्ज केला आणि निवडलीही गेले. प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक, एक वस्तू आणि शूटिंगला एक दिवस मिळणार होता. माझ्या वाट्याला हळद आली.

हळद म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. आमच्याकडे लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्या गाण्यांना धवला म्हणतात आणि ती गाणाऱ्या बाईला धवलारीण. माझी आत्या धवलारीण. जूचंद्र, नायगाव, पार उमेळ्यापर्यंत तिला बोलावणं असायचं. अलीकडे हळदीला डीजे येतो, तेव्हा धवलारणीला तो सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ मिळतो. मी लिहिलं ते असं: हळदीचा मांडव, डीजे जोरात, पोरं नाचतायत. अचानक वीज जाते. सगळं गप्प होतं आणि त्या शांततेत पाटावर बसलेली एक म्हातारी हळदीचा थाळा घेऊन धवला उचलते. एकेक मान तिच्याकडे वळते. वीज परत येते, पण डीजे कोणी लावत नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडम या धंद्यात मुरलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं की ही बाई कोण करणार. मी म्हटलं, माझी आत्या. त्यांनी आत्याचा फोनवर टिपलेला आवाज ऐकला, डोळे मिटून पुन्हा ऐकला. मग म्हणाल्या की आवाज फार मोठा आहे, पण कॅमेऱ्यासमोर माणूस बदलतं, म्हणून नाटकात काम केलेली एक अभिनेत्री त्या दिवशी तयार ठेवू. मला ते आवडलं नाही. पण त्यांचं चुकतही नव्हतं.

आत्याला सांगायला गेले तेव्हा ती ओसरीवर तांदूळ पाखडत बसली होती. तिने सगळं नीट ऐकलं, म्हणजे मला तसं वाटलं. माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती, आणि मला तो मायेचा भाग वाटला. तिने एकच विचारलं, काकी पण येईल ना. ही काकी म्हणजे शेजारची, आत्याची जोडीदारीण. एकीने ओळ उचलायची आणि दुसरीने तिच्या मागून म्हणायची, असा त्यांचा जन्माचा जोड. मी समजावलं की या गोष्टीत एकटीच बाई आहे, मांडवात एकटी बसलेली, तेच तर दाखवायचंय. आत्या जरा वेळ सूप हलवत राहिली. मग म्हणाली, बरं.

शूटिंगच्या दिवशी आत्याच्या अंगणात खरा मांडव घातला. चुलतभावाने डीजे लावला, गल्लीतली पोरं नाचायला आली. अंधेरीहून कॅमेरा, दिवे आणि माणसं आली. संस्थेची एक मुलगीही छोटा कॅमेरा घेऊन आली होती. निवडलेल्या सगळ्यांवर ती संस्थेसाठी एक फिल्म करत होती. ती माझ्या मागे मागे होती आणि मी पाणी प्यायले तरी टिपत होती.

माझी लाडकी फ्रेम मोठी होती. पुढे आत्या पाटावर एकटी, चारी बाजूंना मोकळी जमीन, मागे नाचणारी गर्दी. आत्याचं तोंड कॅमेऱ्याकडे, गर्दी तिच्या पाठीमागे. मी हाताने खूण केली की भावाने डीजे बंद करायचा, पोरांनी जागच्या जागी थिजायचं आणि आत्याने सुरू करायचं. गाणं तिथेच, तिच्या खऱ्या आवाजात टिपायचं होतं.

पहिल्या टेकला आत्याने डीजे चालू असतानाच गायला सुरुवात केली. सगळे हसले, आत्याही हसली. दुसऱ्या वेळी डीजे थांबला, पोरं थांबली आणि आत्या शांतपणे कॅमेऱ्यात बघत बसून राहिली. मी मॉनिटरजवळून म्हटलं, आत्या, चल. ती हललीसुद्धा नाही. मी पुढे जाऊन हात हलवला तेव्हा तिने सुरू केलं, पण तिची नजर माझ्या हाताकडे गेलेली पडद्यावर स्पष्ट दिसत होती. त्यानंतर कधी लवकर, कधी उशिरा, कधी मागच्या एखाद्या पोराची सावली हलली म्हणून मान वळवून. प्रत्येक वेळी आवाज लागला की अंगावर काटा यायचा आणि प्रत्येक वेळी तो टेक वाया गेलेला असायचा.

साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. कॅमेरामन लेन्स पुसू लागला. पडवीत ती अभिनेत्री बसली होती, चांगली बाई होती ती. तिच्या केसांना हळूच पांढरा रंग लावायला सुरुवात झाली होती. ते मी पाहिलं आणि आत्यानेही पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “ही फिल्म तुझ्या आत्याची नाही, तुझी आहे,” त्या म्हणाल्या. “ऊन मांडवावरून उतरलं की संपलं. जेवणानंतर पहिला टेक आत्यांचा. तो नाही झाला तर बाई बदलायची. आवाज नंतर आत्यांचाच घालू.”

आत्याचा आवाज आणि तोंड दुसऱ्याच बाईचं. मी मान डोलावली आणि घरामागे गेले. तिथे पाण्याच्या पिंपाशी काकी उभी होती. सकाळपासून ती कुंपणाशी बसून सगळं बघत होती. मी तिला कामाला बोलावलं नव्हतं, तरी ती कामावर असल्यासारखी आली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

“तिना आयकाला येत नाय,” काकी म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, काय येत नाही?

“आयकाला. किती वर्सं झाली. मांडवात मी तिच्या गुडघ्याव हात ठेवतंव, तवा ती उचलते. तिना वाटतं मना तशी सवय हाय.”

मग तिने भराभर सांगितलं. गावातल्या आणखी दोघी-तिघींना माहीत होतं, पण कोणी आत्याजवळ कधी बोललं नव्हतं. आत्याला वाटत होतं की तिने ते सगळ्यांपासून लपवलंय. धवलारीण बहिरी झाली असं एकदा गावात झालं की लग्नाचं बोलावणं थांबेल आणि ती घरात बसेल, अशी तिची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. काकीने मला बजावलं की आत्याला काही कळू द्यायचं नाही. मला माहीत आहे हेही नाही आणि काकीने सांगितलं हे तर मुळीच नाही.

मी तिला शब्द दिला. मॅडमना सांगितलं असतं तर सगळं सोपं होतं. त्या थांबल्या असत्या, काही युक्ती केली असती. पण तो छोटा कॅमेरा दाराशीच होता. खरंच ऐकू न येणारी खेड्यातली गायिका आणि तिला शोधून काढणारी भाची, ही गोष्ट त्यांना किती आवडली असती हे मला या धंद्यात राहून चांगलं ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत अंगणाला कळलं असतं आणि दुसऱ्या दिवशी गावाला. आत्या तेव्हा पडवीत जेवत होती. समोरच्या माणसांची तोंडं बघत, सगळं समजल्यासारखी हसत होती.

मी कॅमेरामनकडे गेले आणि फ्रेम कापायला सांगितली. आत्या कमरेपासून वर, बस. त्याने विचारलं, मोकळी जमीन? मी म्हटलं, नको. मॅडम तिथे आल्या.

“त्या मोठ्या फ्रेमसाठी तुला निवडलं होतं,” त्या म्हणाल्या. “ती काढलीस तर उरलं काय?”

थाळा जड आहे, आत्याचा हात थरथरतोय, खालून कोणीतरी धरायला हवं, म्हणून काकीला जवळ बसवतेय, असं काहीतरी बोलले. सकाळपासून ज्या फ्रेमसाठी मी सगळ्यांना दमवलं होतं ती मी एका थाळ्यासाठी सोडतेय, हे त्यांना वेडेपणाचं वाटलं असणार. छोटा कॅमेरा चालूच होता. शेवटी त्या म्हणाल्या, “तुझी फिल्म.” आणि मॉनिटरसमोर जाऊन बसल्या.

काकी येऊन पाटाशेजारी, फ्रेमच्या बाहेर, खाली बसली. आत्याने तिला पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले. सकाळपासून ते वर ओढलेले होते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. काकीचा एक हात थाळ्याखाली होता. दुसरा कुठे आहे ते कॅमेऱ्याला दिसत नव्हतं.

ऊन मांडवाच्या पलीकडच्या कडेला लागलं होतं. डीजे सुरू झाला, पोरं नाचू लागली. मी खूण केली आणि डीजे थांबला.

काही झालं नाही. आत्या समोर बघत होती. मला वाटलं, काकी विसरली. समोरच्या इमारतीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मॅडमचा हात टेक थांबवायला वर जात होता. तो मी माझ्या हाताने धरला. त्यांचा हात असा कोणी धरला नसेल. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मी मात्र पडद्यावरून नजर काढली नाही. मांडवात हवासुद्धा हलत नव्हती. आणि मग आत्याने डोळे मिटले आणि धवला उचलला.

ती थांबेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. नाचायला आलेली पोरं खरोखरच तिच्याकडे वळली होती. त्यांना वळा म्हणून सांगायचं मी विसरले होते. मॅडमनी हळू आवाजात टेक संपल्याचं सांगितलं आणि आपला हात माझ्या हातातून सोडवून घेतला. अभिनेत्री पडवीत उभी राहून डोळे पुसत होती. तिच्या केसांना अर्धाच रंग लागला होता.

नंतर काकीला एकटीला गाठून मी विचारलं की एवढा वेळ का लावला.

“पोरा हलत व्हती मागं,” ती म्हणाली. “मांडव शांत झाल्याबिगर धवला उचलत नाय.”

फिल्म दाखवण्याचा कार्यक्रम अंधेरीतल्या एका सभागृहात झाला. आत्या हट्टाने आली, काकीलाही घेऊन आली. दोघी नऊवारीत पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या. मी स्टेजवर जायच्या आधी संस्थेच्या एका बाईंनी मला सुचवलं की तुमचा संघर्ष जरूर सांगा, लोकांना ते भिडतं. मला कळेना काय सांगायचं. वडिलांची नोकरी होती, थोडी भातशेती होती, घरात कधी उपाशी झोपलो नव्हतो. संघर्ष म्हणावा तर ‘ण’चा होता.

माझी फिल्म संपली आणि टाळ्या झाल्या. परीक्षकांत एक नावाजलेले दिग्दर्शक होते. ते माइक घेऊन म्हणाले की वीज गेल्यावर त्या गायला लागेपर्यंतची जी शांतता आहे, ती इतकी ताणून धरायची हिंमत नवा दिग्दर्शक करत नाही. मग त्यांनी विचारलं, “ते थांबणं तुमचं होतं की त्यांचं?”

मी समोर पाहिलं. आत्या माझ्या ओठांकडे बघत होती. काकीही बघत होती, पण वेगळ्या नजरेने. माझ्याजवळ त्या सभागृहातली सगळ्यात मोठी गोष्ट होती आणि ती सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पहिला नंबर त्या दोन वाक्यांत होता हे मला स्वच्छ दिसत होतं. मी माइक या हातातून त्या हातात घेतला. परीक्षकांना वाटलं मी घाबरलेय. ते हसून म्हणाले, सांगा, सांगा.

“त्यांचं,” मी म्हणाले.

आपल्या भाषेत एका मोठ्या बाईचं असलं तरी ‘त्यांचं’ म्हणतात आणि दोघींचं असलं तरी ‘त्यांचं’च म्हणतात. सभागृहाला एक बाई ऐकू गेली. मला दोघी म्हणायच्या होत्या. आणखी काही बोलायचंय का, असं त्यांनी विचारलं, आणि मी नाही म्हटलं.

माझ्यानंतर एक मुलगा आला. त्याने आपल्या वस्तीबद्दल आणि वडिलांबद्दल मनापासून सांगितलं. त्याची फिल्मही चांगली होती. पहिला नंबर त्याला मिळाला. मी टाळ्या वाजवल्या, पण घरी येताना गाडीत मला रडू येत होतं. ते आत्याला कळू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसले. आत्या मात्र आनंदात होती. पडद्यावर आपलं तोंड एवढं मोठं दिसलं हे ती काकीला पुन्हा पुन्हा सांगत होती.

पुढे मॅडमनीच मला काम दिलं. त्यांच्या कंपनीकडे आलेली एक छोटी जाहिरात त्यांनी माझ्याकडे सोपवली, मग आणखी एक. त्या सगळीकडे सांगायच्या की या पोरीने माझा हात धरला. मी त्यांना म्हटलं होतं की ती शांतता माझी नव्हती. त्यांनी तो माझा विनय समजला. मला बरेच दिवस ते टोचत राहिलं. मग मी टोचून घेणं सोडलं, कारण हात मीच धरला होता आणि फ्रेमही मीच सोडली होती.

आत्यालाही बोलावणं आलं. मसाल्याच्या एका मोठ्या जाहिरातीसाठी आजी हवी होती आणि कोणीतरी आमची फिल्म पाहिली होती. ऑडिशनला मी तिला घेऊन गेले. आदल्या रात्रभर मला झोप नव्हती. तिथे काकी नसणार होती. ऑडिशन घेणारा पोरगा कॅमेऱ्यामागून बोलणार आणि आत्या नुसती बघत राहणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मधे पडायचं की नाही, पडलं तर काय बोलायचं, मी मनात वाक्यं जुळवत होते.

खोली लहान होती. पोरग्याने दिवा लावला, कॅमेऱ्यामागे गेला आणि हिंदीत काहीतरी म्हणाला. मी उठले. पण माझ्याआधी आत्याने हात वर केला.

“बाला, समोर येऊन बोल,” ती म्हणाली. “मना आयकाला येत नाय.”

पोरग्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याला मराठीतलं हिंदीत सांगितलं. तो बरं म्हणाला, स्टूल उचललं आणि कॅमेऱ्याच्या बाजूला, तिला तोंड दिसेल असा बसला. एवढंच झालं. मग काम सुरू झालं.

बाहेर आल्यावर रसाच्या गाडीवर आम्ही उभ्या राहिलो. मी तिला विचारलं की हे तू कधी सांगितलं नाहीस. ती रस पीत म्हणाली की या जाहिरातवाल्यांच्या घरी तिला कुठे लग्नाला गायचंय. मग गंभीर झाली आणि मला ताकीद दिली की गावात बोलू नको, काकीला तर अजिबात नको, ती बिचारी सांभाळून घेत बसेल. मी शब्द दिला. असा शब्द मी दोन्हीकडे दिलेला होता.

ती जाहिरात तिला मिळाली. टीव्हीवर लागली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा आवाज वाढवला गेला. त्यानंतरच्या लग्नसराईत तिला जास्तच बोलावणी आली. नवऱ्या मुली तिच्याबरोबर फोटो काढू लागल्या. वसईतल्या कानाच्या डॉक्टरांकडे तिने मला स्वतःच नेलं. पण तिथे मिळालेलं कानाचं मशीन घालून पहिल्यांदा डीजेसमोर बसली तेव्हा ते शिट्टी मारू लागलं, म्हणून मांडवात ती ते काढून कमरेला खोचते आणि काकीचा हात तिच्या गुडघ्यावर येतो. बाहेर घालते, उघडपणे घालते. कोणी विचारलं तर वय झालं म्हणते.

हे लिहू का, म्हणून मी दोघींना वेगवेगळं विचारलं. काकी म्हणाली, नाव नको घालू. आत्या म्हणाली, काकीला काय वाटेल ते बघ. गेल्या आठवड्यात आगाशीला हळद होती. दोघी माझ्या गाडीतून आल्या. मागच्या सीटवर पूर्ण रस्ताभर त्या एका ओळीवरून भांडत होत्या, कुठला शब्द आधी येतो यावरून.